न गळणारी नस

बाहुबली असं नाव असलेल्या माणसाचं काळीज इतकं नाजूक निघावं, हा विनोद मालगावात सगळ्यांचा करून झाला होता. सगळ्यात जास्त वेळा तो स्वतः बाहुबली चौगुल्यांनीच केला होता. पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता मिरजेच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत त्यांची मेहुणी त्रिशला मगदूम पडद्यावरचा मजकूर वाचत होती, तेव्हा तिला हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

मजकूर मराठीत होता. रुग्णाचा अहवाल रुग्णाच्या भाषेत द्यायचा, असा नियम येऊन आता चार वर्षं झाली होती. इंग्रजीत असता तर त्रिशलाला थोडा आडोसा तरी मिळाला असता.

“नसेला पहिल्या दिवशी झालेली इजा,” पडदा सांगत होता. “आतून दाब देऊन फुगवल्यामुळे आलेला ताण: अतितीव्र, दोन वेळा. शाईतल्या स्पिरिटने मेलेल्या पेशींच्या रेषा: पूर्ण लांबीवर, दोन. मिठाच्या पाण्यात काढलेला वेळ: सुमारे पन्नास मिनिटं.”

कोणाचं नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. नऊ वर्षांपूर्वी बाहुबली दाजींच्या उजव्या पायातली ती नस त्रिशलानंच काढली होती.

बायपास म्हटलं की लोकांना छातीशी उभा असलेला सर्जन आठवतो. पायाशी कोणीतरी उभं असतं हे कुणाच्या गावी नसतं. हृदयाची बुजलेली रक्तवाहिनी ओलांडायला जी नस जोडतात ती रुग्णाच्याच पायातून काढावी लागते, आणि ती काढायचं काम बावीस वर्षं त्रिशला करत आली होती. नस सोडवायची, वरची चरबी सोलून ती स्वच्छ करायची, मिठाच्या पाण्यानं भरलेल्या सिरिंजनं टम्म फुगवायची, कुठं गळते का ते बघायचं, गळेल तिथं टाका घालायचा. मग जोडताना पीळ पडू नये म्हणून वर पेनानं एक निळी रेघ ओढायची. तिची रेघ अशी सरळ असायची की सर्जन थांबून बघायचे. आणि तिची नस कधी गळत नसे. आजवर तिनं एकतीस जणांना हे काम शिकवलं होतं आणि ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, त्या सगळ्याला मगदूम पद्धत असं नाव पडलं होतं.

“मॅडम, पाणी देऊ?” मेहजबीननं विचारलं. डॉक्टर मेहजबीन मुल्ला हा अहवाल काढणाऱ्या मशीनची मुख्य होती. वय बत्तीस, बोलणं हळू. मशीनचं खरं नाव लांबलचक होतं, पण ते आल्याच्या दुसऱ्या दिवशी ओटीतल्या सिस्टरांनी त्याला चुगली म्हणायला सुरुवात केली होती.

“नको. हे नक्की आहे का गं?”

“तीनदा लावून बघितलं, मॅडम.”

चुगली करायची ते साधं होतं. अँजिओग्राफीच्या वेळी केसाएवढ्या ब्रशनं जुन्या नसेच्या आतून थोड्या पेशी खरवडून आणायच्या आणि त्यांच्या डीएनएवर चिकटलेल्या खुणा वाचायच्या. पेशी दुखावली की तिच्या पोटातलं इंधन बाहेर सांडतं. एटीपी म्हणतात त्याला. ते घरात असलं की चूल पेटते. घराबाहेर सांडलं की शेजाऱ्यांना वाटतं आग लागली. मग नसेच्या भिंतीतल्या स्नायूच्या पेशी, ज्यांचं काम फक्त आकसायचं आणि सैल व्हायचं, त्या आपला धंदा सोडतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत आत सरकतात आणि डागडुजी करू लागतात. दुरुस्तीला आलेले गवंडी घरातच राहिले आणि भिंत आतून लिंपतच बसले, तर शेवटी खोली उरणार नाही, तसं होतं. आणि पहिल्या दिवशी कशानं दुखलं, ताणानं, सुकण्यानं की स्पिरिटनं, त्याची खूण पेशी आपल्या लेकीबाळींना देत जाते. नऊ वर्षांनीसुद्धा ती वाचता येते.

“सगळ्याच नसा बंद पडत नाहीत, मॅडम,” मेहजबीन म्हणाली. “कितीतरी लोक वीस वर्षं जगलेत तुमच्या नसांवर.”

“आणि कितीतरी नाही जगले.”

मेहजबीननं पडद्यावरचं पान सरकवलं. मग म्हणाली, “अहवाल दोन प्रकारे पाठवता येतो. पूर्ण, नाहीतर थोडक्यात. थोडक्यात म्हणजे, जुनी नस बंद आहे, नवीन जोडावी लागेल, एवढंच. आजारी माणसाला धक्का बसू नये म्हणून नातेवाईक तसं निवडू शकतात. फाइलवर नातेवाईक म्हणून...”

ती थांबली. फाइलवर नातेवाईक म्हणून त्रिशलाचंच नाव होतं. दाजींच्या बायकोला, म्हणजे अक्काला, फोनवरचं काही जमत नसे, म्हणून त्रिशलानंच ते घातलं होतं.

पडद्यावर दोन चौकोन होते. त्रिशलानं “थोडक्यात” वर बोट टेकवलं. बोट टेकवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

*

“आलं बघ तुमच्या दवाखान्याचं पत्र,” दाजी म्हणाले. चष्मा कपाळावर आणि फोन हातभर लांब. “नस बंद, नवी जोडावी लागंल. एवढंच? आमच्या मातीच्या तपासणीचा कागद चार पानी येतो.”

“माती बोलत नाही, म्हणून तिचं कागदाला सांगावं लागतं,” अक्का म्हणाली. सुजाता अक्का, त्रिशलाची थोरली बहीण, खुर्चीत बसून डाळिंब सोलत होती. तीन दिवसांत तिनं नवऱ्याला खायची परवानगी नसलेली किती फळं सोलली होती त्याला सुमार नव्हता.

दाजींनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडं मान वळवली. “ही आमची मेहुणी. मागच्या वेळी हिनंच काढली नस. एक थेंब गळला न्हाई. सर्जननं मला नंतर सांगितलं, चौगुले, नस कसली, पाइपलाइन हाय म्हणून.” मग त्रिशलाला, “परत तूच काढायचीस. मी आवटी डॉक्टरला सांगून ठेवलंय, सिस्टरबाई न्हाई तर मी टेबलावर चढत न्हाई.”

“बघू, दाजी.”

“बघू काय त्यात. लग्नात जिलबी वाढायला सांगतोय का तुला.”

त्रिशला नाडी बघायच्या निमित्तानं वाकली. हा माणूस चौतीस वर्षांपूर्वी तिची ट्रंक आणि वळकटी मोटरसायकलला बांधून तिला नर्सिंग कॉलेजात सोडून आला होता. तिच्या अप्पांना ते मान्य नव्हतं. जैनाच्या पोरीनं रक्तात हात घालायचा म्हणजे काय. दाजी नुकतेच जावई झालेले. ते सासऱ्याला म्हणाले होते, “मामा, मी नेऊन सोडतो. रागवायचं ते माझ्यावर रागवा, जावयावर किती रागवाल?”

नाडी अडखळत होती. त्यांच्याकडं दोन दिवस होते, फार तर तीन. कारखान्यात तयार केलेल्या नसा मोठ्या रक्तवाहिन्यांना चालत, पण दाजींच्या काळजावरच्या गवताच्या काडीएवढ्या वाहिनीला त्या अजून टिकत नसत. हातातली वाहिनी, पुढं डायलिसिस लागलं तर म्हणून, किडनीच्या डॉक्टरांनी राखून ठेवायला सांगितली होती. राहिली डाव्या पायातली नस, तीही घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच धड. लागणार होती जेमतेम तेवढीच. ती बिघडली तर पुढची नस नव्हती.

“तुझा हात गार का गं?” दाजींनी विचारलं.

“एसी,” ती म्हणाली आणि निघाली.

*

चुगलीचं दुसरं काम होतं ताज्या नसेचं. काजव्याच्या पोटात जे प्रथिन असतं त्याला एटीपी भेटलं की उजेड होतो. ते प्रथिन मशीनच्या काचेच्या तबकात घातलेलं असे. तबकात नस ठेवून खोलीतला दिवा मालवला, की जिथं पेशी दुखावलेली असेल तिथं हिरवट प्रकाश दिसायचा. जिथं काही दुखलं नसेल तिथं अंधार.

दुपारी तीनला मेहजबीननं एक डबा उघडला. “बोकडाच्या मानेतल्या नसा आहेत. तुम्हाला मटणाच्या दुकानात जायला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीच जाऊन आले. तो विचारत होता, फ्राय करणार का रस्सा. मी म्हटलं, फुगवणार.”

त्रिशला हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

तिला वाटलं होतं, यात शिकण्यासारखं काय आहे. दाब कमी द्यायचा. चरबी सोलायची नाही, नस आपल्या पांघरुणासकट उचलायची. मिठाच्या पाण्याऐवजी नवं द्रावण घ्यायचं, ज्यात बर्फाच्या गोळ्यावर घालतात तो निळा रंग असतो. त्या निळ्यानं पेशींची धोक्याची घंटा वाजायची थांबते आणि नसेला पीळ पडला तर तोही दिसतो. पेन लागतच नाही. गंमत अशी की बावीस वर्षं तीही निळा रंगच वापरत होती, फक्त चुकीचा.

तिनं सिरिंज घेतली, अगदी हळू दाबली आणि मेहजबीननं दिवा मालवला.

तबकातली नस ट्यूबलाइटसारखी पेटली होती.

“परत,” त्रिशला म्हणाली.

दुसरी नसही पेटली. तिसरी अर्धी. चौथीच्या वेळी मेहजबीननं सिरिंजला दाब मोजायचा काटा लावला आणि त्रिशलाला कळलं की हळू म्हणजे किती हे तिच्या उजव्या अंगठ्याला माहीतच नव्हतं. नस फुगून कडक झाल्याचा जो एक झटका बोटाला लागतो, त्याची तो वाट बघायचा. तो लागेपर्यंत दाबतच राहायचा. ती मनातल्या मनात त्याला थांब म्हणायची आणि तो थांबायचा ते दाबून झाल्यावर.

ती अंधारात तबकाकडं बघत राहिली. सकाळपासून तिला वाटत होतं की ही सगळी चूक माहिती नसल्याची आहे. पण आता तर माहिती होती.

“मॅडम, तुमच्या हाताखालचा प्रशांत आहे की,” मेहजबीन हळूच म्हणाली. “तो काढेल उद्या.”

“प्रशांतचा अंगठा मीच घडवलाय. त्याचा एकदा काटा लावून बघ, माझ्याहून जास्त दाबेल. त्याला वाटतं मला आवडतं.”

मग तिनं सिरिंज डाव्या हातात घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. डाव्या हातानं तिनं आयुष्यात चिमटा धरला होता, पदर सावरला होता, पण सिरिंज कधी दाबली नव्हती. द्रावण थोडं टेबलावर सांडलं. नस जेमतेम भरली, टम्म काही झाली नाही.

दिवा मालवला. तबकात अंधार होता.

“मॅडम,” मेहजबीन कुजबुजली, “अंधारच आहे.”

पाच वाजेपर्यंत त्रिशलानं डब्यातल्या सगळ्या नसा संपवल्या. डाव्या हाताला सवय नव्हती, हेच त्याचं शहाणपण होतं. पण दर पाच-सहा नसांमागे एखादी वेळ अशी यायची, काही निसटलं की उजवा हात न विचारता धावून जायचा. आणि तिथं एक हिरवा ठिपका उमटायचा.

दाजी उद्या त्या हाताखाली पाय देणार होते, एक थेंब गळला नाही म्हणून.

*

“दाजी, सकाळचा कागद अर्धा होता,” त्रिशला म्हणाली. सहा वाजले होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस तपासणीला गेला होता. “पूर्ण मी दडवला.”

अक्काचा हात थांबला. दाजींनी चष्मा डोळ्यावर घेतला, जणू बोलणं त्यातून स्पष्ट ऐकू येणार होतं.

तिनं सगळं सांगितलं. इंधनाचं, गवंड्यांचं, काजव्याचं, दाबाचं, पेनाचं, उद्याच्या डाव्या हाताचं आणि मध्येच धावून जाणाऱ्या उजव्या हाताचंही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं ते शेतकऱ्यासारखं.

“पाण्यात किती येळ हुती?”

“पन्नास मिनिटं.”

“साध्या?”

“मिठाच्या.”

“मिठाच्या,” दाजी म्हणाले. त्यांनी मान हलवली. “आम्ही द्राक्षाचं कलम करतो तवा काडी कापली की वल्या गोणपाटात गुंडाळतो. साल काढत न्हाई. डोळ्याला बोट लावत न्हाई. बांधतानासुद्धा गडी असा घेतो, ज्याचा हात हलका. तुम्ही माझी नस सोलली, मिठात घातली, फुगवली आन् वर पेन फिरवलं व्हय?”

“व्हय, दाजी.”

“आन् ह्याला पद्धत म्हणत हुता.”

“माझ्या नावाची.”

बाहेर जेवणाची ट्रॉली खडखडत गेली.

“कागदात दोनदा लिहिलंय म्हणालीस,” दाजी म्हणाले. “फुगवली दोनदा, रेघ दोनदा. सगळ्यांची दोनदा करता?”

हा प्रश्न येऊ नये असं तिला सकाळपासून वाटत होतं. “नाही. सगळ्यांची एकदाच.”

“मग?”

“तुम्ही होता म्हणून. आपलं माणूस, कुठं गळायला नको. म्हणून परत एकदा जोर लावून बघितली, रेघही परत ओढली.”

दाजी तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून उशीखाली ठेवला आणि भिंतीकडं कूस केली. “जावा दोघी भायेर,” ते म्हणाले.

व्हरांड्यात अक्का तिच्यापुढं उभी राहिली. अक्काचा राग कधी मोठ्या आवाजात नसे. “उद्या छाती उघडायची त्यांची. आज तुला सांगायचं सुचलं?”

“अक्का, त्यांना माहीत असायला हवं, कुणाच्या हातात...”

“तुझ्या मनावरचं तू त्यांच्या छातीवर नेऊन ठेवलंस आणि मोकळी झालीस,” अक्का म्हणाली. “नऊ वर्षं त्या एका थेंबाच्या गोष्टीवर तो माणूस हिंडत होता, त्रिशला. नुसत्या नसेवर नाही.”

अक्का खोटं बोलत नव्हती, हेच वाईट होतं.

*

बुधवारी सकाळी आठला दाजींना ओटीच्या दाराशी आणलं. त्यांनी रात्रभर कोणाला काही सांगितलं नव्हतं. संमतीच्या कागदावर नस काढणाऱ्याच्या नावाची जागा तशीच मोकळी होती. डॉक्टर आवटी घड्याळ बघत होते. साठीचे सर्जन, हात सोन्याचे आणि धीर मुळीच नाही.

दाजींनी बोटानं तिला जवळ बोलावलं. “डाव्या हातानं करणार म्हणालीस.”

“हो.”

“डाव्या हातानं जेवून दाखव म्हटलं तर जमंल?”

“रात्री जेवले. अर्धं सांडलं.”

दाजींच्या ओठाचा कोपरा हलला. “दुसरं कोण हाय?”

“प्रशांत. त्याला मीच शिकवलंय. आणि त्याला यातलं अजून काही माहीत नाही. पुण्याला न्यायचं तर तुम्ही वाटेत टिकाल असं डॉक्टरांना वाटत नाही.”

“म्हंजे तू, न्हाईतर तुझीच नक्कल.”

“हो.”

“आन् तुझा उजवा हात मधीच घुसतो, ते?”

“तो प्रशांतला धरायला सांगणार आहे मी.”

दाजींनी डोळे मिटले. “आण तो कागद,” ते म्हणाले. सही करून त्यांनी पेन परत दिलं. “रागाचं ऱ्हायलंय. ते नंतर. जगलो तर लई रागवायचं हाय मला.”

*

प्रशांतला वाटलं बाई थट्टा करताहेत. पण तिनं सिरिंज डाव्या हातात घेतली आणि उजवं मनगट त्याच्यापुढं केलं, तेव्हा तो ते धरून उभा राहिला. बाकीची कापाकापी तिनं उजव्या हातानंच केली होती. चाकूचं त्याच्याशी भांडण नव्हतं. नस आपल्या पिवळ्या चरबीच्या पांघरुणासकट बाहेर आली होती. बावीस वर्षांच्या सवयीनं तिला ती गबाळी वाटली, न निवडलेल्या भाजीसारखी.

मेहजबीननं ओटीत आणून ठेवलेल्या चुगलीच्या तबकात, निळ्या द्रावणात, तिनं ती ठेवली. डाव्या अंगठ्यानं हळूच भरली. दाबाच्या काट्यानं साठाची मर्यादा ओलांडली नाही.

“झालं का?” छातीशी उभ्या आवटींनी विचारलं. “फुगवून दाखवा, मगदूमबाई.”

“फुगवणार नाही, सर.”

“म्हणजे?”

“एवढीच भरली आहे. यात दिसली तेवढी गळती बघितली. बाकी रक्ताच्या दाबावर दिसेल.”

मास्कच्या वर आवटींच्या भुवया जवळ आल्या. “काळजाला जोडल्यावर? तिथं गळली तर मी काय करू? दुसऱ्यांदा उघडलेली छाती आहे ही, आत सगळं चिकटलंय. मला कोरडी नस हवी. तुम्हीच सवय लावलीत ना मला?”

“लावली. चुकीची लावली.”

तिच्या उजव्या हाताची बोटं वळली. प्रशांतच्या मुठीत तिला स्वतःचा अंगठा दाबताना जाणवला, हवेत, नसलेल्या सिरिंजवर. एक झटका, की सर्जन खूश, सगळं कोरडं. तेवढ्यात पकडीतून नसेचं टोक निसटलं आणि तबकाच्या कडेवरून घसरलं. उजवा हात सुटला. प्रशांतनं धरायच्या आत बोटांनी नस चिमटीत पकडली होती.

“दिवा,” ती म्हणाली.

मेहजबीननं तबकावर काळं झाकण ओढलं आणि त्रिशलानं झाकणाच्या छोट्या खिडकीतून आत बघितलं. लांबच लांब अंधार. आणि एका टोकापासून बोटभर अंतरावर, हरभऱ्याएवढा, एक हिरवा ठिपका.

ती लपवू शकत होती. झाकण काढलं की दिसत नव्हता तो.

“सर, टोकाजवळ एक जागा दुखावली आहे. माझ्या हातानं, आत्ता. ती कापायला हवी.”

“कापून लांबी पुरेल?”

“मोजून पुरेल. ताणलीत तर नाही.”

आवटींनी तिच्याकडं बघितलं, मग उघड्या छातीकडं, मग परत तिच्याकडं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मास्कमुळं कळलं नाही. “वरचा जोड मी खाली घेतो,” ते शेवटी म्हणाले. “तिरका कापून द्या. आणि बाई, गळली तर टाका घालायला तुम्ही इथं, माझ्या शेजारी. पायाशी नाही.”

बावीस वर्षांत त्रिशला पहिल्यांदा छातीशी उभी राहिली.

जोड झाले. चिमटा सुटला. नसेत रक्त शिरलं आणि चरबीच्या पांघरुणातून ती हळूहळू जागी झाल्यासारखी भरत गेली. सगळे बघत होते. मधोमध एका बारक्या फाट्याशी लाल मणी आला. मोठा झाला. ओघळला.

एक थेंब. मग दुसरा.

“गळली,” आवटी म्हणाले.

“हो, सर,” त्रिशला म्हणाली आणि सुई मागितली. टाका उजव्या हातानं घातला. त्या कामाला तो हात अजून चांगला होता.

*

पाचव्या दिवशी दाजींनी पूर्ण अहवाल मागून घेतला. सगळा वाचला, बोट ठेवत ठेवत. दुखू नये म्हणून त्यांनी उशी छातीशी कवटाळली होती, कारण हसलं की टाके ओढत.

“एकच काजवा?” त्यांनी विचारलं.

“एकच. तो कापला.”

“आन् गळली.”

“दोन थेंब.”

“मालगावात काय सांगू आता मी,” दाजी म्हणाले. पण ते तिच्याकडं बघून बोलले होते, भिंतीकडं नाही.

अक्का अजून तिच्याशी बोलत नव्हती. फक्त दुपारी तिनं डब्याचं एक झाकण त्रिशलाच्या बाजूला सरकवलं होतं, त्यात डाळिंबाचे दाणे होते. त्रिशलानं ते डाव्या हातानं खाल्ले. तीन खाली पडले. अक्कानं ते उचलले.

“ती एकतीस पोरं,” दाजी एकदम म्हणाले. “तुझ्या हाताखाली शिकलेली. त्यास्नी सांगितलंस?”

“प्रशांतला कळलं आहे. बाकीच्यांना पत्र लिहायला घेतलंय.”

“पत्र कोण वाचतंय. फोन लाव.”

तिनं यादी काढली. पहिलं नाव किरण सुतारचं होतं, लातूरला असतो, तिच्या सगळ्या विद्यार्थ्यांत हुशार. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. मागं ओटीतला आवाज होता, भांडी आवरत असल्यासारखा.

“मॅडम, तुमचंच नाव काढलं होतं आत्ता,” किरण म्हणाला. धावत आल्यासारखा दम लागलेला आणि खूश. “आजची तिसरी केस संपली. बाई आहेत, वय एक्केचाळीस. सर म्हणाले, अशी नस वर्षात बघितली नाही. तुमचीच पद्धत, मॅडम. एक थेंबसुद्धा गळला नाही.”

त्रिशलानं दाजींकडं बघितलं. फोन स्पीकरवर होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अक्कानंही.

“सांग,” दाजी म्हणाले. “माझं नाव घालून सांग.”

“किरण, कुठंतरी बस,” त्रिशला म्हणाली. “माझ्या दाजींची नस मी कशी मारली, ते तुला सांगायचं आहे.”